काचेमागचं अंतर

ती स्क्रिप्ट लिहायला मला चार महिने लागले होते. पडद्यावरच्या रेणूतल्या कुठल्याही अणूवर क्लिक केलं, की त्याचा क्रमांक आणि तो मॉनिटरच्या काचेच्या किती सेंटीमीटर मागे आहे, ते खाली उमटायचं. रिकाम्या जागी क्लिक केलं तर काहीच नाही.

आज सरांनी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतलं माझं नाव खोडून आपल्या भाच्याचं घातलं.

“सर, त्याला यातलं ओ की ठो कळत नाही.”

“तू गप्प बस. मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही,” असं म्हणून सर माझ्याच खुर्चीत बसले. मी मागे उभी राहिले. रागाने कान तापले होते.

रेणूत आठशे एक्केचाळीस अणू होते. सरांचा क्लिक चुकून बाजूच्या काळ्या, रिकाम्या जागी पडला. खाली उमटलं: अणू आठशे बेचाळीस, अंतर नऊ.

“बघ रे, हिला मोजतासुद्धा येत नाही,” सर शेजारी उभ्या भाच्याला म्हणाले. तो हसला.

सरांनी चिडून तिथेच पुन्हा क्लिक केलं. अंतर सहा. मग तीन.

शून्य म्हणजे काच आणि उणे म्हणजे काचेच्या अलीकडे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

“मुद्दाम बिघडवून ठेवलंय!” सरांनी माऊसची वायर उपटून काढली.

आकडा तरीही बदलला. शून्य. उणे तीन.

तो नीट वाचायला सर पुढे वाकले. त्यांचं नाक काचेपासून जेमतेम वीतभर उरलं.

उणे सहा. उणे नऊ.

मला त्यांनी अजून काहीच विचारलं नव्हतं.