रिकामी बोट

रोझलीच्या हातून अक्षरं उलटीसुलटी पडायची, त्यामुळे ही मच्छीमाराची दहा वर्षांची पोर पेन्सिलच धरेना. यंदाही कागद कोरा राहिला, तर तिला खालच्या वर्गात बसवणार होते. वर्गशिक्षिका कोमोबाईंनी तिच्यापुढे चित्र ठेवलं: गावाजवळच्या फंडीच्या उपसागरात धूर सोडत निघालेली, शेवंडांसारखे मोठे झिंगे धरायची बोट, आणि बोटीवर कुणीच नाही. "माणूस कुठे गेला गं?" रोझली भडाभडा सांगू लागली. बाईंनी कानांत बोटं घातली. "मला लिहूनच सांग." "ती लिहीपर्यंत बोट गंजेल!" मागच्या बाकावरचा गिल्बर्ट खिदळला. रोझलीनं पेन्सिल उचलली. तास संपता संपता ती आपणहून उभी राहिली. तिनं मोठ्यानं वाचलं, "कुत्रा पाण्यात पडला. बाबांनी मागोमाग उडी मारली. बोट पुढे गेली." "मग? कुत्रा वाचला का?" गिल्बर्टला राहवेना. रोझलीनं खाली बसून कागद उलटला. "थांब की! अजून लिहून व्हायचंय."