बारावी खाट

"मी रोशन नाही जी. मी त्याचा भाटवा होय, त्याच्या बहिणीचा नवरा, दसरू," दसरूने चौथ्यांदा सांगितलं.

समुपदेशक रश्मी मॅडमनी ते पाहणीला आलेल्या परदेशी बाईंना इंग्रजीत सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि शेजारच्या, दुसऱ्या देशाच्या साहेबाला दाखवलं. साहेबानेही मान हलवली. दोन देशांचं एवढ्या लवकर एकमत झालेलं दसरूने पहिल्यांदाच पाहिलं.

"काय म्हणते बाई?"

"म्हणतात, पेशंट स्वतःचं नावसुद्धा नाकारतोय. केस खोल आहे." मॅडमनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. त्यावर बरं होण्याच्या पाच पायऱ्या होत्या. पहिली पायरी : नकार.

नागरा रोडवरचं हे व्यसनमुक्ती केंद्र चार देशांच्या करारातून उभं राहिलं होतं. पैसा एकाचा, फॉर्म दुसऱ्याचे, गोळ्या तिसऱ्याच्या. चौथा देश आपला. आपण गंजेडी पुरवायचे होते. करारात खाटा बारा होत्या. पाहणीला कोणीही, कधीही येवो, बारा खाटांवर बारा माणसं दिसली पाहिजेत. चेहऱ्यांबद्दल करारात काही नव्हतं.

बारावी खाट रोशनची. रोशन म्हणजे दसरूच्या बायकोचा, दुर्पताचा, धाकटा भाऊ. गांजापायी त्याने आधी मोबाईल फुंकला, मग मोटरसायकलचा आरसा, मग मोटरसायकल. भरतीच्या दुसऱ्या दिवशी घरच्यांनी कपडे आणून द्यायचे आणि मग नव्वद दिवस भेट बंद, असा नियम होता. कपडे घेऊन दसरू आला तो लंगडत. पाय मुरगळला होता. तिकडे त्याच्या गावी, नवेगाव बांधला, धानाच्या बांध्यांत पाणी भरलं होतं, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवणीला आले होते, आणि त्याला चिखलात उतरता येत नव्हतं. इकडे रोशनला खाटेवर पडवत नव्हतं.

"भाटवे, सावड करू," रोशन म्हणाला. "दोन दिवस तुमी माह्या खाटेवर पडा, मी तुमच्या बांधीत उतरतो."

सावड म्हणजे आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. दसरूने जन्मभर सावड केली होती आणि कोणी कधी बुडवली नव्हती. त्यात पाय पसरून पडायचं काम पहिल्यांदाच वाट्याला येत होतं. भेटीला एक माणूस आत गेला, भेटीनंतर एक माणूस बाहेर आला. चौकीदाराला त्यात काही खटकलं नाही. रश्मी मॅडम त्याच सकाळी नागपूरहून रुजू झाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दसरू फाटकावर गेला. फाटकाला कुलूप होतं.

"माहे दोन दिवस झाले जी."

"अठ्ठ्याऐंशी राहिले," चौकीदार म्हणाला.

रोज संध्याकाळी सहाला नर्स पुष्पाबाई पांढरी गोळी घेऊन येत. त्या फक्त खाटेचा नंबर पाहत. "आ कर गा. जीभ वर कर. हं."

"बाई, म्या बिडी बी नाही वढली कधी. गोळी कायले देता?"

"सगळे असंच म्हणतात गा. अकरा नंबरही असंच म्हणे."

परदेशी पाहुणे येऊन गेले त्या संध्याकाळी एकाच्या दोन गोळ्या झाल्या. दसरूने आरडाओरडा केला. फॉर्मात तो 'चिडचिड' म्हणून भरला गेला आणि तीन झाल्या. त्याने जेवण सोडलं, चार. गोळ्या परत पाठवायची सोय करारात नव्हती. खाटेवर पडून तो मनातल्या मनात पऱ्हे पिवळे पडताना पाहत राही. रोवणीचे दिवस निघून चालले होते. पोरगी, खुशी, वर्षभर काय खाणार? हा विचारही चौथ्या गोळीनंतर विरघळून जाई.

मग एका सकाळी त्याने शहाणपणा केला.

"मी रोशन," तो म्हणाला. "मी लय गांजा वढला." बाकीचा तपशील त्याने अकरा नंबरकडून उसना घेतला होता. रश्मी मॅडमनी टाळ्या वाजवल्या. तक्त्यावर तो एका दमात तीन पायऱ्या चढला. पुढच्या पाहणीत दोन्ही देशांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. गोळ्या मात्र चारच राहिल्या. कमी करायचा फॉर्म अजून आला नव्हता.

नव्वदाव्या दिवशी, कलत्या उन्हात, फाटक उघडलं. बाहेर दुर्पता उभी होती.

"मले सोडवाले काऊन नाही आली वं?" दसरूने विचारलं.

दुर्पताने खाली पाहिलं. "येनार होती. पन रोशन चिखलात उतरला, अन् संध्याकाळी जेवून मुकाट झोपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरला. मी म्हटलं, खुशीचे बाबा खाटेवर बसून तं आहेत. याले बांधीतून काढलं तं हा पुन्हा चिलीम धरल. आपली रोवणी केली त्यानं. मंग गावाची केली. नव्वद दिवस झाले, हात नाही लावला चिलमीले. धान लोंबीवर आला आपला."

दसरूने हातातलं प्रमाणपत्र वर धरलं. चार देशांचे शिक्के होते आणि खाली लिहिलं होतं, की रोशन आता पूर्णपणे व्यसनमुक्त आहे. या केंद्रात त्याने पाहिलेला हा पहिला खरा कागद.

रस्त्यापलीकडे रोशन सायकल धरून उभा होता. दंड भरले होते, डोळे स्वच्छ. "चला भाटवे," त्याने हाक मारली. "सावड फिटली!"

दसरू चार पावलं चालला. मागे फाटकाला पुन्हा कुलूप लागलं. आत कुठेतरी पुष्पाबाईंच्या ट्रेचा आवाज झाला.

"सहा वाजून राहिले," तो म्हणाला.

तो वळला, परत गेला, दोन्ही हातांनी फाटकाचे गज बाहेरून धरले, आणि कोणी न सांगता आ केला.