कारंज्याचा वळसा

“जानराव, आता तुम्ही तोंड उघडायचं नाही. वकील असताना अशील बोलत नसतो.”

असं दटावून उकंडराव वकील कामरगावच्या पुंजाजींच्या ओसरीवर टेकले. पुंजाजी म्हणजे जानरावाचे सासरे. त्यांची लेक मनकर्णा आठ महिने झाले माहेरी येऊन बसली होती. जानराव तिच्यावर नांदायला येण्याचा दावा लावणार होता. कागद तयार होते, फक्त सही राहिली होती. वकिलांनीच हात धरला. म्हणाले, दाव्यात हुकूमनामा मिळेल, बायको नाही मिळणार. हुकूमनामा काही भाकरी थापत नाही. चला, मीच येतो.

चौतीस-पस्तीस सालची ही गोष्ट. हातातला दावा सोडून वकील अशिलाच्या सासुरवाडीला निघाला, हे वाशीमच्या बाररूममध्ये कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं मानलं नसतं. पण उकंडराव निघाले. जानरावाच्या दमणीत, त्या छोट्या बैलगाडीत, दोन दिवस हाडं खिळखिळी करून घेतली. कोटाला दोन बटणं नव्हती, धोतराला हळदीचा डाग होता, तरी ऐट जिल्हा न्यायाधीशाची. एवढंच, की कारंजा आलं तेव्हा त्यांनी दमणी गावातून नेऊ दिली नाही. भर उन्हात बाहेरून कोसाचा वळसा घ्यायला लावला. जानरावानं मनाशी म्हटलं, हरलेले पक्षकार राहत असतील.

तसे ते पुष्कळ होते. उकंडरावांची उलटतपासणी म्हणजे अडकित्ताच. एकदा त्यांनी एका कोतवालाला असं कात्रीत धरलं, की आपण अजून जन्मलोच नाही, असं तो शपथेवर कबूल करून बसला. पुढं दोन वर्षं गावच्या पंगतीत त्याचं पान मांडत नव्हते. जानरावाचा शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद तीन वर्षं चालला होता. तो तारखेच्या दिवशी सकाळपासून कोर्टाच्या बाकावर बसायचा आणि हे सगळं कीर्तनासारखं ऐकायचा.

ओसरीवर वकिलांनी असं भाषण केलं, की गोठ्यातले बैल रवंथ थांबवून ऐकू लागले. मग त्यांनी आत माजघराकडे तोंड करून सवाल सुरू केले. नवरा मारतो? नाही. दारू पितो? नाही. सासू छळते? सासू तर लग्नाआधीच गेली होती. पुंजाजींची चिलीम विझली. वकिलांनी विजयी मुद्रेनं शेवटचा सवाल टाकला. मग नवऱ्याचं घर सोडलं कोणामुळं?

मनकर्णा अंबाडीची भाजी निवडायचं सूप घेऊन दारात आली.

“तुमच्यापायी, वकीलसाहेब.”

मग तिनं सांगितलं. तारखा सुरू झाल्या आणि माणूस बिघडला. वरणात मीठ जास्त झालं तर विचारायचा, मीठ टाकताना कोण कोण हजर होतं. माहेरच्या आठवणीनं डोळे भरले तर म्हणायचा, रडणं पुराव्यात धरत नाहीत. काही समजावून सांगायला जावं तर, हो की नाही, तेवढंच सांग.

“एक दिवस मले इचारलं, भाजी करपवणं तू आता बंद केलं काय? हो म्हटलं तरी मीच चोर, नाही म्हटलं तरी मीच चोर. मंग मी गाठोडं बांधलं.”

जानराव अंगठ्यानं जमीन उकरत होता. तोंड उघडायची परवानगी नव्हती, म्हणून त्यानं नुसते दोन्ही कान धरले. ते पाहून पुंजाजींना हसू फुटलं. मनकर्णा मात्र हसली नाही.

“वकीलसाहेब, हे असं तुमी तुमच्या घरी बी करता?”

“त्याचं असं आहे बाई, की—”

“हो की नाही, तेवढंच सांगा.”

उकंडरावांनी टोपी काढली, पाहिली, पुन्हा घातली.

“हो.”

“बाईसाहेब घरी हायेत?”

“नाही.”

“कुठं असतात?”

“माहेरी,” वकील म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, “कारंज्याला. तीन वर्षं झाली.”

जानरावाच्या डोक्यात तो वळसा आता उलगडला. त्यानं तोंड उघडलं आणि अशील आहोत हे आठवून मिटलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा नवऱ्याबरोबर नांदायला निघाली. अट एकच. जानरावानं तिला वळशाचं सांगितलं होतं; जाताना दमणी कारंजा गावातून न्यायची.

कारंज्यात भर बाजारातून दमणी गेली. वकिलांनी एका हिरव्या दाराकडे न पाहण्याचा इतका प्रयत्न केला, की मनकर्णेनं तिथंच बैल थांबवायला सांगितले. आतून कोणीतरी कडी काढली. मनकर्णा पदर सारखा करून उतरली. उकंडराव घाईघाईनं तिच्या मागं वाकून सांगू लागले, पहिला मुद्दा असा मांडा, दुसरा तसा, आणि त्या जर म्हणाल्या की—

मनकर्णा वळली.

“तोंड उघडू नका, वकीलसाहेब. वकील असताना अशील बोलत नसतो.”