तीननंतर

"मावशी, मोबाइलकडे नको, माझ्याकडे बघ. आणि सांग, तू नक्की करतेस काय?"

"बोटं मोडते. कुणाच्या नावानं नाही गं, कामासाठी!" मावशी फिस्सकन हसली.

भाचीला कॉलेजातल्या सरांनी टीव्हीतल्या एका कामावर व्हिडिओ करायला सांगितला होता. वर म्हणाले, स्टुडिओत इशारे करणारी मावशीसारखी फ्लोअर मॅनेजर कशाला, निवेदिका घे, जरा चेहरा तरी दिसेल. झालं, पोरगी पेटली. चेहरा हवाय ना? घ्या मग मावशीचा!

मावशीनं पंजा वर केला. "वरच्या खोलीतून माझ्या कानात हुकूम येतो. मग मी निवेदिकेसाठी मोजते. पाच, चार, तीन तोंडानं. दोन आणि एक नुसती बोटं मिटून."

"असं का?"

"तोवर माइक उघडलेला असतो बाई. घराघरांत माझी बडबड कशाला? त्यात कॅमेऱ्यावरचा लाल दिवाही गेलाय. परवा छताचा लाइट पडला, त्यात फुटला. आता सगळा कारभार या बोटांवर."

तेवढ्यात साहेब आले. वाहिनीचे मालक. नवा कोट, पोटावर बटण लागेना. तो लाइट मावशीच्या हलगर्जीपणानं पडला, असं ते आज स्वतः बातम्यांत सांगणार होते.

"तू नीघ," ते मावशीला म्हणाले. "माफी मागितलीस तर बघू पुढचं."

"लाइटच्या साखळ्यांना मी हात लावला नाही, साहेब. माफी कसली मागू?"

मावशीनं हेडफोन टेबलावर आपटला आणि ताठ मानेनं चालती झाली.

साहेब निवेदिकेच्या खुर्चीत बसले. "बोटं हलवायला काय अक्कल लागते? ए पोरी, चढव तो हेडफोन. तू मोज."

पोरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी तिनं हेडफोन चढवला. "मग साखळ्या काढल्या कुणी?"

"मोज गं मुकाट्यानं!"

कानात हुकूम आला. तिनं पंजा वर केला.

"पाच. चार. तीन."

आणि गप्प झाली.

साहेब मान खाली घालून बटणाशी झटत होते. "काय गं, दातखीळ बसली? मावशीचा पुळका आला? बरं, ऐक. साखळ्या मीच काढायला लावल्या. बंगल्याच्या फाटकाला हव्या होत्या. आता कुणाच्या तरी गळ्यात मारायला नको? तुझी मावशी सापडली. झालं समाधान? मोज पुढं."

पोरगी काही मोजेना. साहेबांवर डोळे रोखून तशीच उभी राहिली, हात वर, पाचही बोटं मिटलेली.

बाहेर स्टुडिओच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं आपल्या टीव्हीचा आवाज मोठा केला. "अहो मावशी, जाताय कुठं?" तो ओरडला. "या इकडं, साहेब तुमच्याचबद्दल बोलतायत!"