रंगवलेली भिंत

लुगडं नेसलेला लालासाहेब पाण्याचा तांब्या घेऊन स्टेजवर आला, तशी बायकांच्या बाजूला खसखस पिकली. डोक्याला गंगावन, नाकात नथ, तोंडाला सफेदा. लढाईमुळं गॅसबत्तीला रॉकेल मिळेना, म्हणून त्या साली भैरोबाच्या जत्रेतलं नाटक भर दुपारीच लावलं होतं. सगळं लख्ख दिसत होतं.

साळूबाई हसली नाही. ती आपल्या नवऱ्याचं चालणं बघत होती.

"लय शोभत्यात गं तुजं मालक," शेजारची मनुबाई कानाशी लागली. "बाईचं चालणं बाईकडनंच शिकावं लागतंय. उगंच जमत न्हाई."

"तालमी केल्यात की."

"तालमी हितं, मग दर मंगळवारी सांगली कशाला?"

"पडदं ठरवाय."

"चार पडद्यांना दोन म्हैनं?" मनुबाईनं तोंडाला पदर लावला. "मी आपलं सांगून ठेवती. सवत दारात आल्यावर म्हणू नगंस, मनीनं कानावर घातलं न्हाई. आन् हे काय गं? जत्रंच्या दिवशी उजव्या हातात दोनच बांगड्या?"

"फुटल्या. भांडी घासताना."

सवतीचं साळूबाईला नव्यानं कुणी सांगायला नको होतं. दर मंगळवारी रात्री तिनं त्याचा सदरा हुंगला होता, खिसे उलटे केले होते. काही सापडत नव्हतं, आणि सापडत नव्हतं म्हणूनच तिची झोप उडाली होती. आज ती नाटक बघायला आली नव्हती. सांगलीची ती बाई लालासाहेबाच्या अंगातून कुठंतरी डोकावेल, तिला बघायला आली होती.

स्टेजवर नवऱ्याचं काम करणारा नानासो ओरडत घरात शिरला. लालासाहेबानं तांब्या त्याच्या हातात दिला नाही. खाली ठेवला, बोटांच्या टोकांनी पुढं सरकवला आणि दोन पावलं मागं झाला. मान एका अंगाला कलली. नजर जमिनीवर, पण कान नानासोच्या पावलांवर. मग त्याचा उजवा हात पाठीमागं गेला आणि भिंत चाचपू लागला. भिंत नव्हतीच. सांगलीहून आणलेल्या पडद्यावर कोनाडा आणि खिडकी रंगवली होती. हाताच्या धक्क्यानं खिडकीसकट सगळं घर हललं.

हसणं थांबलं. मागून कुणीतरी "अगं बाई गं" म्हणालं.

साळूबाई पुढं झुकली. सापडली. पण ही कसली बाई? नखरा नाही, ठसका नाही. ही तर घाबरलेली आहे. तिला आधी राग आला, मग वाटलं, त्या बाईलाही हा मारतो की काय?

नानासोनं आवाज चढवला. साळूबाईच्या हाताला काहीतरी गार लागलं. तिनं मागं वळून बघितलं. तिचा डावा हात मांडवाच्या खांबाला घट्ट टेकला होता. कधी गेला, तिला कळलंच नव्हतं.

तिचा डावा. त्याचा उजवा. आरशात दिसावं तसं.

घरात ती अशी भिंतीला टेकली की तिच्यासमोर असणारं माणूस एकच होतं.

आपण अशा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला होतं. मान किती कलते, इथपर्यंत.

अंक संपला, पडदा पडला. साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन पडद्यामागं गेली. पेटी वाजवणारा याकूब पेटीवरच चहाची कपबशी ठेवून बसला होता. नानासो घाम पुसत होता.

"या, वैनी! आवं, हिरा हाय तुमचा धनी. समदा मांडव गप झाला."

लालासाहेब नथ सावरत हसला. "कसं झालं गं काम?" त्यानं विचारलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्यानं तिला काही विचारायची ही पहिली वेळ.

साळूबाईनं तांब्या खाली ठेवला. बोटांनी पुढं सरकवला. सरकवता सरकवता थांबली, तांब्या उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"समदं बरूबर हाय," ती म्हणाली. "फकस्त हात चुकला. भिताडाला डावा लावायचा."

"डावा काय न् उजवा काय, वैनी!" नानासो हसला.

"उजवा मोकळा ठेवाय लागतोय," ती लालासाहेबाकडं बघत म्हणाली, "तोंडापुढं धराय."

याकूबनं कपबशी उचलली आणि तसाच बसून राहिला. नानासोचं हसू मावळलं. साळूबाई मांडवात परत आली.

"काय गं, सांगलीचं इचारलंस?" मनुबाईला दम निघत नव्हता.

"सांगलीत कोण न्हाई."

"मग शिकलं कुणाकडनं?"

साळूबाईनं पदर सावरून स्टेजकडं तोंड केलं. पडदा वर गेला होता.

नानासोनं हात उगारला. लालासाहेबाचा डावा हात मागं गेला, उजवा हळूच वर आला आणि तोंडापुढं थांबला. नानासोनं आपलं वाक्य म्हटलं, हात खाली घेतला. आतून कुणीतरी लालासाहेबाला पुढचं वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. नानासोचा हात केव्हाच खाली आला होता. लालासाहेबाचा तोंडापुढंच होता, आणि पाठीमागचं रंगवलेलं घर थरथरत होतं.

"अगं, डोळ्याला पाणी बघ त्येंच्या," मनुबाईनं नाक ओढलं. "खरंखुरं हाय गं!"

साळूबाईनं डोळे बारीक केले.

"घरी आल्यावर बघू," ती म्हणाली.