ओळख पटवायला

बसने गचका खाल्ला आणि पिल्लूचं कपाळ समोरच्या सीटच्या दांडीवर आपटलं. तो रडला नाही. ओठ घट्ट मिटून त्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"शाब्बास! वाघ आहे माझा," सुतार म्हणाला आणि त्याने पोराचे केस विस्कटले.

पलीकडच्या सीटवरच्या आजी खूश झाल्या. "किती गुणी लेकरू! आमचा नातू असता तर त्याने बस डोक्यावर घेतली असती."

सुतार बोलका माणूस. पुढचा थांबा येईपर्यंत आजींना सगळं कळलं होतं. थोरला मुलगा सहा वर्षांचा असताना स्टेशनवरच्या गर्दीत हरवला. आई बरोबर होती. त्याला दोन वर्षं झाली. आता लांबच्या शहरातल्या एका बालगृहाने पेपरात एका मुलाचा फोटो छापला होता. तो स्वतःचं नाव सांगत नव्हता, गावाचंही नाही. त्याची ओळख पटवायला तिघं निघाली होती.

"हिच्या हातून सुटला," सुतार आवाज खाली आणून म्हणाला. "पण मी हिला एका शब्दाने बोललो नाही. विचारा हवं तर."

बायकोने मान हलवली.

"नशीब काढलंस गं," आजी म्हणाल्या. "दुसरा असता तर जन्मभर टोचत राहिला असता. आणि एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या? जीव नाही का गुदमरत?"

"सवय आहे," ती म्हणाली.

सुताराने पिशवीतून लाकडी ट्रक काढून आजींना दाखवला. चाकं फिरत होती, मागचं फळकुट बिजागरीवर उघडत होतं. पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. "थोरल्यासाठी केलाय. तो असला तर."

"असेल, असेल. देवाला डोळे आहेत."

"हिला विचारा. फोटो बघितल्यापासून हिचं एकच. नसेल, नसेल."

"नाक वेगळं आहे त्याचं," बायको म्हणाली.

"बघा! आईने आशा सोडली, आता बापाने काय करायचं?"

त्याने खरोखरच काही करायचं ठेवलं नव्हतं. हातातली कामं टाकून तो गावोगाव फिरला होता. भिंतींवर फोटो चिकटवले होते, पोलिसांचे उंबरठे झिजवले होते. याआधी दोनदा असाच निरोप आला आणि दोन्ही वेळा दुसऱ्याचंच पोर निघालं. दुसऱ्या वेळी तो भर रस्त्यात मटकन बसला आणि हमसून हमसून रडला. येणारेजाणारे थांबून त्याची समजूत घालत होते.

पिल्लूला तहान लागली होती. त्याने विचारून बाटली घेतली, पण बस वळली आणि पाणी सुताराच्या पँटवर सांडलं. पिल्लू थिजला. आईने पदराने भराभरा पँट पुसायला घेतली.

"अगं, असू दे," सुतार हसत म्हणाला. "पाणीच आहे. घरी गेल्यावर बघू."

आजी उतरताना पिल्लूच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवून गेल्या. त्याने तो शेवटपर्यंत फोडला नाही.

बालगृह शहराच्या टोकाला होतं. बैठी इमारत, पुढे व्हरांडा, दोरीवर वाळत घातलेल्या छोट्या छोट्या चड्ड्या. अधीक्षिका बाई पायऱ्यांवरच भेटल्या.

"आधी एकानेच या. दोघं एकदम आली की मुलं बावरतात."

"मी जाते," आई लगेच म्हणाली.

सुतार घुटमळला. त्याने ट्रक छातीशी धरला होता. "जा. पुन्हा परक्या पोराचं तोंड बघायची माझी हिंमत नाही. तो असला तर नुसती हाक मार. मी धावत येतो."

पिल्लूने आईचा पदर धरला होता.

"पिल्लू," सुतार म्हणाला.

पिल्लूने पदर सोडला.

आतल्या खोलीत एक मुलगा टेबलाशी बसून चित्र रंगवत होता. गाल भरलेले, तेल लावून नीट विंचरलेले केस. जीभ दातांत धरून तो रंग रेषेबाहेर जाऊ नये म्हणून जपत होता. शेजारच्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं. मुलाचा हात हलला नाही.

आई दारातच थांबली.

"राजा, या बाईंना ओळखतोस?" अधीक्षिकेने विचारलं.

मुलाने मान वर केली. नीट पाहिलं.

"नाही."

"हा आमचा नाही," आई म्हणाली.

"घाई करू नका. या वयात मुलं फार बदलतात. जवळ जाऊन बघा."

"आईला कळत नाही का, बाई?"

अधीक्षिकेने उसासा टाकला. हे तिने पुष्कळदा पाहिलं होतं. "बसा जरा. पाणी प्या. तुमच्या यजमानांना मीच सांगते."

ती बाहेर गेली. खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या. अधीक्षिका काहीतरी बोलली. सुतार खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पिल्लू त्याच्यापासून हातभर लांब उभा होता आणि त्या हातांकडे बघत होता.

मुलगा पुन्हा रंगवायला लागला होता. कागदावरची नजर न काढता तो हळूच म्हणाला, "तू शिकवलं होतंस तसंच बोललो ना, आई?"

तिने त्याच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला. दार उघडंच होतं.

"हो रे राजा."

"मग आता पिल्लूला कधी गाडीत बसवून देणार?"