मागच्या काचेवरचं नाव

व्हर्नन टॅकेट पिकअपच्या मागच्या काचेवरचा स्टिकर ब्लेडने खरवडत होता, आणि पहिलंच अक्षर निघता निघेना.

स्टिकर पूर्वेकडच्या त्या नामांकित कॉलेजचा होता. मार्चमध्ये डेलनीला तिथे प्रवेश मिळाल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी त्याने तो मागवला आणि आल्या आल्या चिकटवला. लेकीने होकार कळवला नव्हता, स्कॉलरशिपचा पत्ता नव्हता. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पुढचा महिनाभर चर्चच्या आवारात तो काच लोकांकडे येईल अशीच गाडी लावायचा.

काल जेवताना डेलनी म्हणाली, "मी स्टेटला जातेय." मिसिसिपीच्या त्या भागात राज्याच्या विद्यापीठाला सगळे स्टेटच म्हणतात.

"काय रे, बायकोने घराबाहेर काढलं की काय?" कुंपणापलीकडून हॉलिसने विचारलं. शेजारी माणूस, हातात गोड चहाचा गार ग्लास. टोमणा मारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घोट उतरत नसे.

"स्टिकर काढतोय. पोरगी स्टेटला चाललीय."

"नुसतं स्टेट?"

फुटबॉलच्या दिवसांत दर शनिवारी गाईच्या गळ्यातली घंटा बडवत स्टेटच्या नावाने घसा बसवून घेणारा माणूस तो हाच. पण घंटा वेगळी आणि शिक्षण वेगळं, असं गावात सगळेच मानतात.

"ऑनर्समध्ये घेतलंय तिला," व्हर्नन म्हणाला. "निवडक मुलांचा वर्ग असतो तो. वर पूर्ण स्कॉलरशिप, तिच्या मार्कांवर."

"ते बरंच झालं म्हणा," हॉलिस म्हणाला, पण बोलण्यात जीव नव्हता.

व्हर्नन पुन्हा ब्लेडकडे वळला. खरं तर ते 'नुसतं' त्याच्याही मनात कालपासून रुतलं होतं. आणि त्याहून खोल एक सल होता. मोठ्या कॉलेजने निम्मा खर्च घरच्यांच्या गळ्यात टाकला होता. आपल्या टायरच्या दुकानाकडे बघून पोरीने मन मारलं असणार. ती कधी बोलून दाखवायची नाही, आणि आपल्याला ते जन्मभर टोचत राहील.

तेवढ्यात डेलनी लांबलचक वायर ओढत बाहेर आली. हातात आईचा केस वाळवायचा ड्रायर होता.

"ब्लेडने काच ओरखडेल, डॅडी. आधी गरम करायचं असतं. आणि मॉमा म्हणालीय, ड्रायर जळाला तर तुझी खैर नाही."

ती गरम हवा सोडू लागली आणि तो कडेने सोलू लागला. पहिलं अक्षर सुटलं, मग दुसरं. काचेवरची नजर न काढता त्याने विचारलं, "खरं सांग. आमच्यामुळे का?"

"पैशामुळे, हो. खोटं कशाला बोलू?" डेलनी म्हणाली. "पण तेवढ्यामुळेच नाही."

"मग?"

"तिकडे बघायला गेलो होतो, आठवतं? जो भेटेल तो एकच विचारत होता, आणखी कुठे कुठे मिळालं. स्टेटला नदीतल्या शिंपल्यांवर संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, तुझ्या नदीत काय काय सापडतं? मी म्हटलं, माकडतोंड्या. बाई खुर्चीतून उठल्याच. कित्येक वर्षांत त्यांना तो जिवंत दिसला नव्हता. ऑनर्सच्या मुलांना पहिल्या वर्षापासून कामाला घेतात, या उन्हाळ्यातच नदीत उतरू म्हणाल्या."

व्हर्ननला स्टेटमधला तो दिवस चांगलाच आठवत होता. बाकीचे पालक जेवून आले तरी ही त्या बाईंच्या खोलीबाहेर येईना, आणि तो बाकावर बसून चरफडत होता.

"माकडतोंड्या?" हॉलिस आता कुंपणावर रेलला होता.

"शिंपल्याची जात आहे, मिस्टर हॉलिस. आपल्या पुलाखालीच असतो."

"आणि त्या शिंपल्यापायी चार वर्षं घालवणार?"

"तुम्ही नाही का, एका चेंडूपायी चाळीस घालवलीत."

हॉलिसला हसताना ठसका लागला. अर्धा चहा कुंपणावर सांडला.

डेलनीने ड्रायर बंद केला. "डॅडी, तिकडच्यांनी दार उघडलं होतं, नाही असं नाही. पण या, आणि आपापलं बघा. इकडचे मला न्यायला वेशीपर्यंत आलेत."

व्हर्ननला आपली गिऱ्हाइकं आठवली. त्याच्या दुकानात टायर घ्यायला येणारी मोठमोठी माणसं कंपनीचं नाव बघून माल उचलत. चाक कुठल्या रस्त्यावर धावणार, हे कोणी विचारत नसे. अठरा वर्षांच्या या पोरीने ते विचारलं होतं, एकटीने, आणि महिनाभर बापाच्या काचेकडे बघत गप्प राहून. त्याला वाटलं होतं हिने मन मारलं. हिने तर मन लावलं होतं.

शेवटचं अक्षर निघालं. डेलनीने व्हिनेगरच्या फडक्याने चिकटा पुसला आणि वायर गुंडाळत आत गेली.

"चल, माझ्याकडे स्टेटचा एक आहे पडलेला," हॉलिस म्हणाला. "आणतो, लाव."

"नको."

"का रे? लाज वाटते?"

"लाज कसली," व्हर्नन म्हणाला. "कॉलेजचं नाव मिरवून झालं माझं. आता कॉलेजने तिचं मिरवावं."